बिनशेपटीचा हत्ती

नवे पैसे चालू झाले त्या साली आमच्या ह्यांना जुन्या नाण्यांचं याड लागलं. चांद्याच्या शाळेत इतिहास शिकवणारा हा माणूस घरात दिवसाला चार वाक्यं बोलायचा, तीही चावी कुठं, छत्री कुठं असली. मूल गावच्या बाजारातून एक तांब्याचा तुकडा आणला आणि जे बोलत सुटले! एका बाजूला हत्ती, दुसरी बाजू कोरी, हत्तीला शेपूट नाही. म्हणजे गोंडराजाच्या टांकसाळीत ठसा पुरा व्हायच्या आधी पाडून पाहिलेलं नमुन्याचं नाणं. जगात एकच! शेपूट नाही म्हणून थेट राजा गाठला, बाई! त्यावर एक लेख लिहायला घेतला, आणि रोज संध्याकाळी मला समोर बसवून तो वाचून दाखवायचे. मी भाजी निवडत हूं हूं करायची.

मी मूलची. आमच्याकडच्या बायका माळेत असले ठप्पे, म्हणजे छाप उठवलेली पदकं, ओवायच्या. मागची बाजू कोरी, म्हणजे अंगाला टोचत नाही. वरची कडी तुटली की झालं ह्यांचं नाणं.

नागपूरला विद्वानांच्या सभेत तो लेख वाचायचं ठरलं. माझ्या माणसाचं तिथं हसं होणार! माहेरी गेले तेव्हा खात्री करायला तुकडा पदराला बांधून नेला आणि माळा करणाऱ्या म्हाताऱ्या मुसलमान कारागिराला दाखवला. तो खुदकन हसला.

"हा तं माह्या अब्बाचा ठप्पा हाये, बाई. शेपटीवर छिन्नी घसरली त्यायची. गिऱ्हाइकाले सांगत, शेपूट तिकडल्या बाजूनं माशा हाकलून राह्यली!"

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. चेहरा असा उतरला की मलाच रडू आलं.

"तुले कवापासून ठाऊक होतं?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मंग काऊन नाई सांगतलं?" आवाज चढला.

मीही भडकले. "सांगतलं असतं तं तुमी पुन्हा गप झाले असते! लग्न झाल्यापासून आता कुठी मायासंग बोलून राह्यले होते तुमी."

त्यांनी लेखाचे कागद गोळा केले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी ते फळीवर ठेवले आणि चुलीपुढे माझ्या शेजारी येऊन बसले.

"लहानपणी तुले घरात काय म्हणून हाका मारत?"

बारा वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.