मीच बोलतेय

बोईसरच्या एका छोट्या लॅबमध्ये मी रिपोर्टच्या काउंटरवर बसायचे. रिपोर्ट पेशंटच्याच हातात द्यायचा, फोनवर काही सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरी एका दुपारी मी सांगितलं.

घिवलीची बाई होती, तिशीतली. पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनआधी रक्त देऊन गेली होती. एचआयव्हीची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. अशा वेळी पुन्हा पक्की तपासणी करावी लागते, म्हणून मी फॉर्मवरचा नंबर लावून तिचं नाव घेतलं.

"मीच बोलतेय," पलीकडून उत्तर आलं. वयही बरोबर सांगितलं.

"उद्या परत रक्त द्यायला या."

"का? कसली तपासणी?"

मी घुटमळले. पण बाई तीच आहे, मग लपवायचं कशाला? सांगून टाकलं. पहिली चाचणी चुकूही शकते, हेही सांगितलं. पलीकडे रडणं नाही, घाबरणं नाही. "बरं," एवढंच. फोन मात्र तिने ठेवला नाही. मागे कुणीतरी भांडी लावत होतं, ते बराच वेळ ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी ती काउंटरसमोर उभी राहिली, कडेवर लहान मुलगी.

"ताई, माझ्या रिपोर्टात काय हाय?"

"फोनवर सांगितलं ना तुम्हाला?"

"मला कुणाचा फोन नाय आला." तिचा आवाज खाली गेला. "तीन दिस घरात माझ्याशी कोणी बोलत नाय. माझं ताट वेगळं काढलंय. मी हात लावला तो हंडा ओततात, घासतात, परत भरतात. विचारलं तर नुसते बघतात. सगळ्यांना काय तरी ठाव हाय, मलाच नाय."

तिच्यादेखत मी तोच नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि तिचं नाव घेतलं.

"हां, मीच बोलतेय. माझं पक्कं झालं का?"

समोरची बाई त्या फोनकडे बघतच राहिली. "ही माझी जाव," ती पुटपुटली. "फोन घरातलाच हाय."

मी फोन कापला आणि डॉक्टरांना सगळं कबूल केलं. त्यांनी दार लावून तिची माफी मागितली, रिपोर्ट समजावून सांगितला, आमच्याविरुद्ध कायद्याने तक्रार करता येईल हेही सांगितलं. तिने ती केली नाही. केली असती तर माझी नोकरी गेली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

पालघरच्या सरकारी केंद्रातली पक्की तपासणी निगेटिव्ह आली. कागद दाखवायला ती आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घरी मी स्वतः येऊन सांगू का?"

"नको," ती म्हणाली. "त्यांना काय पण नका कळवू."

कागद पिशवीत घालून, मुलीला घेऊन ती माहेरी जायला मनोरच्या टमटममध्ये बसली. नवऱ्याला तरी सांगणार का, हे मी विचारलं नाही.