सही राहिलेलं जर्नल

गेल्या शनिवारी बडनेऱ्याहून अकोल्याला येताना, चालत्या गाडीत एका विद्यार्थ्याच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या केल्या. त्या सह्यांचा आता कुणालाच काही उपयोग नाही... तरी केल्या.

मी अमरावतीत आयटी डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्किंग शिकवते. अकोल्याहून रोज अप-डाऊन. मुलांमध्ये मी कडक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि टोमण्यांसाठी त्याहून जास्त.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे यासिर आला, थेट सुदानहून. आला तेव्हा मराठी शून्य. पण अचलपूरच्या रूममेटनं आणि मेसच्या काकूंनी सहा महिन्यांत त्याला असा काही तयार केला, की पुण्याचा माणूस दचकावा असं वऱ्हाडी बोलायला लागला. 'खबर', 'किताब', 'दुनिया' हे शब्द तर मुळात अरबी, म्हणजे त्याच्या घरचेच निघाले.

अडायचं एकाच ठिकाणी... आमच्या 'राहिलो'पाशी; 'जेवतोय'ला आम्ही वऱ्हाडात 'जेवून राहिलो' म्हणतो. एकदा लॅबमध्ये केबलला कनेक्टर लावता लावता म्हणाला, "मॅडम, जेवून राहिलो समजते, शिकून राहिलो समजते. पण जाऊन राहिलो कसं काय? जाणारा मानूस राहीन कसा?"

"ते पेपरात येत नाही बाबू, तू केबल कर," मी म्हटलं. वर्ग हसला, तोही हसला.

शेवटच्या सत्रात सबमिशनच्या दिवशी सगळ्यांची जर्नलं पूर्ण होती. याच्या जर्नलमध्ये बारापैकी पाचच प्रॅक्टिकल लिहिलेले. काहून नाही लिहिलं, म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाला, "नेटवर्क नाही मॅडम. फोन लागून नाही राहिला."

आणि मी भर वर्गात म्हटलं, "नेटवर्किंगचं जर्नल पेननं लिहितात बाबू, त्याले नेटवर्क लागत नाही."

वर्ग खो-खो हसला. मला माझा विनोद इतका आवडला, की घरी येऊन नवऱ्यालाही सांगितला. यासिर मात्र त्या दिवशी हसला नव्हता. हे मला आत्ता आठवतं.

जर्नल पूर्ण नाही तर टर्मवर्कचे मार्क नाहीत, असा नियम आहे. मी तो लावला. निकालात त्याचा एक विषय राहिला... माझाच.

मार्कशीट न्यायला आलेल्या रूममेटकडून मग कळलं. "मॅडम, त्याच्या गावात लढाई घुसली होती. घरचा फोन वीस-बावीस दिवस बंद होता. पोरगा मेसवर जेवालेबी येत नव्हता, नुसता फोन लावून राहायचा."

मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. तो कुठला फोन म्हणत होता ते विचारायला मला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट?

प्राचार्यांकडे गेले, अर्ज दिला. पण एकदा वर गेलेले मार्क बदलत नाहीत. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी, व्हिसा कोर्सपुरताच, आणि मुदतवाढ काही मिळाली नाही. दोन वर्षं शिकून पोरगा डिप्लोमाशिवाय निघाला.

शनिवारी बडनेऱ्याच्या फलाटावर तो दोन बॅगा घेऊन उभा दिसला. मुंबईची गाडी, माझीही तीच. खरं सांगते, दुसऱ्या डब्यात चढावं असं वाटलं, इतकी लाज वाटत होती. पण त्यानंच हाक मारली आणि माझ्यासाठी जागा धरली.

मूर्तिजापूरपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. आई आणि बहीण आता इजिप्तमध्ये नातेवाइकांकडे पोचल्या आहेत, तोही तिकडेच चालला होता. "अन् वडील?" मी विचारलं. "खबर नाही येऊन राहिली," एवढंच म्हणाला.

माफी मागायला तोंड उघडलं, तर तो बॅगेची चेन उघडून काहीतरी शोधत होता. बाहेर काढलं ते जर्नल. बाराच्या बारा प्रॅक्टिकल लिहिलेले, आकृत्या पट्टीनं आखलेल्या, अनुक्रमणिकेत सहीचा रकाना तेवढा रिकामा.

"मॅडम, सही राहिली होती."

"आता याचा काय उपयोग रे..." मी म्हटलं.

"उपयोग नाही. पण राहिलेलं घेऊन नाही जायचं मले."

सह्या केल्या. गाडी हलत होती, एकही धड आली नाही. पहिल्या पानावर, प्रॅक्टिकल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर सही करताना मला समोरचं नीट दिसेना. "सॉरी यासिर" म्हटलं. त्यानं जर्नल दोन शर्टांच्या मध्ये जपून ठेवलं.

अकोला आलं. मी उतरले आणि खिडकीशी उभी राहिले. सगळ्यांना म्हणतो तसं म्हटलं, "पोचल्यावर फोन कर बरं."

"नेटवर्क असलं तं करतो मॅडम."

टोमणा नव्हता तो. साधंच बोलला.

गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हात काढला. "जाऊन राहिलो मॅडम," म्हणाला. 'जाणारा मानूस राहीन कसा?' हा त्यानं लॅबमध्ये विचारलेला प्रश्न मला तिथे फलाटावर आठवला, पण उत्तर द्यायला खिडकी पुढे निघून गेली होती.

सोमवारी एका मुलीचं जर्नल अपूर्ण होतं. मी तिला बाहेर नेऊन आधी विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? ती म्हणाली, "बरं हाय मॅडम, आळस केला." इतकं हायसं वाटलं, की रागवायचंच विसरले.

यासिरला जाऊन आज आठ दिवस झाले. कॉलेजला निघण्याआधी रोज त्याचा नंबर लावते.

फोन लागून नाही राहिला...