पापणीचा केस

डोळा लागतोय की नाही, अशी ती वेळ. मैथिलीने सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर डोकं टेकलंय, मुठीत ओला रुमाल आहे. पलीकडच्या खोलीत पंपांची घरघर चालू आहे. तिथे इर्शाद लेझर जुळवत बसलाय, आणि त्या बिचाऱ्याला ठाऊकच नाही की मोजायला काही उरलेलं नाही.

कण हरवलाय हो! सूर्य जन्मायच्याही आधी कुठल्याशा मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेला, उल्केत अडकून पृथ्वीवर आलेला, केसाच्या जाडीहूनही लहान. तिच्या गाईड टिपणीस मॅडमनी आजारपणात निवडून ठेवलेला शेवटचा कण. लेझरने तो जाळायचा, उडालेले अणू वजनावरून वेगळे करून मोजायचे, म्हणजे तो तारा कसा होता ते कळतं. यंत्र आजच्यापुरतंच मिळालंय, आणि मॅडम तर गेल्याच.

एवढासा कण चिमट्याने कुठला उचलणार? काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवतात आणि त्याने अलगद टिपतात. मॅडम स्वतःच्या पापणीचा केस वापरायच्या, आणि कणाजवळ श्वास रोखून धरायला लावायच्या. सकाळी मैथिलीने त्यांची ती काडी हातात घेतली मात्र, तिला हुंदका फुटला. बघते तर कण ठेवलेली काच रिकामी.

"किती शोधशील गं?"

समोर टिपणीस मॅडम बसल्यात, परातीत तांदूळ निवडत. सूक्ष्मदर्शक कुठे गेला कोण जाणे, हे तर मॅडमचं स्वयंपाकघर आहे. केमोत झडलेल्या त्यांच्या पापण्या परत आल्यात, डाव्या कोपऱ्यातला तो एकुलता पांढरा केससुद्धा.

"मॅडम, मी घालवला. तुमचं सगळं मातीत घातलं."

"गळा काढू नकोस. शोधलास कुठे?"

"टेबलावर, फरशीवर, उडून जिथे जाईल तिथे सगळीकडे."

परातीतले तांदूळ आता काळे झालेत. खाली फरशी नाही, नदीचा घाट आहे, आणि अस्थी वेचायला बसावं तशी मैथिली गुडघ्यांवर बसून राख चाळतेय. राख अजून गरम आहे. हाताला काहीच लागत नाही आणि जीव नुसता कासावीस होतो.

"हुंदका बाहेर जातो, की आत येतो?" मॅडम मागून विचारतात.

"आत," मैथिली पुटपुटते.

"मग कणही तुझ्याकडेच आला असणार. एवढी वर्षं शिकवलं ते पाण्यात गेलं म्हणायचं!"

"नकोच सापडायला! सापडला तर आज जाळावा लागेल. तुम्ही हात लावलेलं शेवटचं तेवढंच आहे हो माझ्याकडे."

"मला नाही जाळलंत?" मॅडम शांतपणे म्हणतात. "त्यातनं काही कळलं का कुणाला? त्याच्यातनं तरी कळू दे."

"जाऊ नका ना, मॅडम!" ती त्यांचा पदर घट्ट धरते, आणि हातात रुमाल येतो.

खिडकीतून दुपारचं ऊन आलंय. मैथिली धडपडत उठते आणि ज्याने सकाळी डोळे पुसले तो रुमाल सूक्ष्मदर्शकाखाली पसरते. एवढं सगळं शोधलं, पण रुमाल बघायचं सुचलंच नव्हतं. ओल्या डागात पापणीचा एक केस पडलाय. पांढरा. मैथिलीच्या पापण्या काळ्याभोर आहेत, आणि काडीवरचा केसही काळाच, जागच्या जागी. केसाच्या टोकाला काळा, चमकता कण चिकटलाय.

"लेझर तयार आहे, मैथिली," दारातून इर्शाद म्हणतो. "आणतेस ना?"

क्षणभर तिला वाटतं, रुमालाची घडी करावी आणि नाही सापडला म्हणून सांगावं. कुणाला कळणार आहे?

"आणते," ती म्हणते.

मग मॅडमची काडी उचलते, श्वास रोखते आणि कण टिपते. पांढरा केस रुमालातच राहतो. रडायचंय तिला, पण ते लेझर बंद झाल्यावर.