मामंजींचा मोदक

सासऱ्यांना आमच्या घरात अजून मामंजीच म्हणतात. देवासच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून ते निवृत्त झाले. त्यांचे पणजोबा संस्थानात कारकून होते, पण मामंजींचं बोलणं ऐकून वाटावं, संस्थान पणजोबाच चालवत होते. मी धारची. त्यांच्या लेखी धार म्हणजे मांडूला जाताना चहा प्यायला थांबायची जागा.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मी माहेरच्यासारखी दिंडं केली. कणकेची पातळ पोळी लाटायची, मध्ये पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि वाफवायची. मामंजींनी ताटातलं दिंड बोटानं लांब सारलं.

"हे काय पाकीट? धारला चालत असेल. आमच्याकडे उकडीचे मोदक होतात."

होतात म्हणजे सासूबाई करत. मामंजींनी आयुष्यात गॅस पेटवलेला नव्हता. मोदक आले की एकेक उचलून, चष्मा वर करून कळ्या तपासायच्या आणि म्हणायचं, "आईच्या हातची गोष्ट वेगळी." सासूबाई हे दर गणेश चतुर्थीला ऐकत आल्या होत्या.

त्याच श्रावणात अंगणात पाय घसरून सासूबाईंचं मनगट मोडलं. मोदक माझ्या गळ्यात पडले. मी सराव सुरू करताच मामंजींनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडली. पुण्याच्या कुण्या बाईंचा व्हिडिओ मोबाइलवर लावून तो माझ्या नाकासमोर धरायचे. माझा पहिला मोदक वाफेत फुटला, तेव्हा त्यांनी तो ताटलीत घेऊन नवऱ्याला दाखवला.

"हा बघ धारचा किल्ला. पडका!"

नवरा हसला. वडिलांच्या प्रत्येक विनोदावर तो हसतो. तेवढं एकच काम तो न चुकता करतो.

शिकवलं सासूबाईंनीच. हात प्लास्टरमध्ये, पाटावर बसून हळू आवाजात सांगायच्या, "उकड निवू देऊ नकोस. चटके बसतात तोवरच मळ. कळी ओढताना घाई नको, नाहीतर पारी फाटते." चतुर्थीपर्यंत माझा हात बसला.

चतुर्थीला सरदारपूरहून मामंजींचे जुने सहकारी बायकोला घेऊन आले. माणूस मालवी, मोकळा. मी परात घेऊन बसलेली, आणि मामंजींचं व्याख्यान सुरू: पारी कशी हवी, कळी कशी हवी, हल्लीच्या मुलींची बोटं कशी जड. पाहुणे बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "भिया, इतना सब मालूम है, तो एक बना के दिखाओ।"

मामंजी हसून टाळणार होते, पण सासूबाईंनी धड हातानं परात त्यांच्याकडे सरकवली.

"करा ना. सूनबाईलाही बघू दे."

त्यांनी उकडीचा गोळा उचलला आणि "अरे बाप रे!" म्हणून टाकला. दुसऱ्यांदा उचलला, दाबून सारण भरलं. अंगठा आरपार गेला, सारण मनगटावर ओघळलं. भोक बुजवायला वरून चिकटवलेली उकड गळून पडली. शेवटी हातात उरला तो फक्त चिखल.

"पिठीच जुनी आहे," ते म्हणाले. त्याच पिठीचे माझे मोदक शेजारी रांगेत बसलेले होते. पाहुण्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही, किळस आली. हीच बोटं बायकोच्या कामाला आयुष्यभर मार्क देत आली होती.

सासूबाईंनी तो लगदाही चाळणीत ठेवायला लावला आणि जेवताना नेमका त्यांच्याच पानात वाढला. "हा तुमचा."

मामंजींनी खाल्ला. "चव चांगली आहे," म्हणाले.

प्लास्टर निघालं. पुढच्या वर्षी सासूबाईंनी सांगून टाकलं, "मी केले तेवढे पुरे. सूनबाईही करणार नाही." तेव्हापासून मामंजी दुकानातून साच्यातले खव्याचे मोदक आणतात आणि आरतीला आलेल्यांना ऐकवतात, "आजकालच्या सुनांना उकड जमत नाही."

मला उत्तम जमते. आम्हा दोघींना लहर आली की दुपारी, ते घोरायला लागल्यावर, घाणा लावतो आणि गरम मोदक फोडून वर तूप ओततो. त्यांचं आरतीतलं बोलणं मी ऐकते आणि चहा टाकायला आत जाते. खोडून काढावं एवढी त्यांच्या बोलण्याची किंमत मला कधी वाटलीच नाही.