पानावरचे झिंगे

बायको गेली त्याला अकरा महिने झाले. दुबईत वारली, पोराच्या तेराव्या मजल्यावरच्या घरात, सकाळी चहा ठेवता ठेवता. चार वर्षं आम्ही दोघं तिथं होतो. मी जन्मभर गवंडीकाम केलं, चौथीपुढं शाळा पाहिली नाही. तिथं मला कामच नव्हतं. खिडकीत बसून दुसऱ्यांनी बांधलेल्या भिंती पाहायच्या आणि दुपारी झोपायचं.

अक्षय तृतीयेला तिची पहिली घागर भरायची होती. पोराला सुटी नव्हती, म्हणून मी एकटाच अमरावतीला आलो. घर उघडलं तर सगळ्यावर धूळ. झाडायला वाकलो की कंबर उठू देत नव्हती. रोज एक खोली, असं चार दिवस झाडलं.

आमच्याकडं त्या दिवशी मातीची कोरी घागर पाण्यानं भरतात, वर खरबूज ठेवतात आणि पळसाच्या पत्रावळीवर गेलेल्या माणसाचं पान वाढतात. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई असेल तर तिच्या नावानं एक सवाष्ण पानावर बसवतात. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. पुरण, आमरस, कुरडया, चिंचवणी हे तर असतंच. पण एक पदार्थ तिच्या आवडीचा पाहिजे. तो चुकला तर पान अर्धं, असं माझी आई म्हणायची.

सवाष्ण म्हणून मी साळीला सांगितलं. बायकोची धाकटी बहीण, अकोल्याला राहते. तिनं फोनवर पहिलंच विचारलं, "भाऊजी, आवडीचं काय ठेवता?"

"गिला वडा," मी म्हटलं. त्यात काय विचार करायचा? कामाचा पगार झाला की मी दर वेळी गिला वडा घेऊन घरी जायचो. पानात बांधलेला, वरून दही.

तिकडून हसण्याचा आवाज आला.

"हसतं काहून व?"

"तिले दही चालेच नाही, भाऊजी. घसा धरे तिचा. तुमी आणा म्हणून एक घास खाये अन् बाकीचा पोराले देत जाये."

"मंग काय आवडे तिले?"

"मले काय विचारता? चव्वेचाळीस वर्षं संसार तुमी केला का मी?" आणि तिनं फोन ठेवला.

मी बसून आठवू लागलो. आठवेना. बायको जेवताना मी पाहिलीच नव्हती म्हणा ना. मी जेवायचो, पोरगा जेवायचा, मग ती दाराकडं पाठ करून कढई पुसून घ्यायची भाकरीच्या तुकड्यानं. काय उरलं होतं ते मी कधी वाकून पाहिलं नाही.

मग आठ दिवस मी अमरावती पायी फिरलो. कचोरी खाल्ली, सांभारवडी खाल्ली, बर्फाचा गोळा खाल्ला, जो मी सात-आठ वर्षांचा असताना शेवटचा खाल्ला होता. एका गाडीवर पोट्ट्यांच्या गर्दीत उभं राहून चिनी नूडल खाल्ले, ते शर्टावर सांडले. प्रत्येक ठिकाणी एक घास घ्यायचा आणि थांबायचं, की आता तिचं काही आठवेल. आठवण आली नाही, ढेकर आले. पोट बिघडलं, दोन दिवस भातच खाल्ला.

तिचा फोन मी जवळ ठेवतो. बंद करवत नाही. तो एका सकाळी वाजला. दुबईतली शेजारीण होती. ती फिलिपिनी बाई, तिथं केस कापायच्या दुकानात कामाला. बायकोला हिंदी धड येत नव्हती, तिला तर मराठीचा गंधच नाही. तरी दोघी शुक्रवारी पिशव्या घेऊन बाजारात जायच्या आणि हसत यायच्या. काय बोलायच्या देव जाणे.

ती महिनाभर तिच्या देशात सुटीवर गेली होती. तिकडून फोन हातात धरून मला तिचा बाजार दाखवायला लागली. "पापा, देखो, देखो." लाल केसाळ फळं दाखवली. काडीला टोचून भाजलेलं काही तरी दाखवलं आणि माझ्यासमोर कराकरा खाल्लं. मग एक अंडं फोडलं, त्याच्या आत पिल्लू धरलेलं. मी फोन पालथा घातला. तिचं हसणं पालथ्या फोनमधून ऐकू येत होतं.

परत सरळ केला तर समोर वाळलेल्या झिंग्यांचा ढीग होता. गुलाबी, बोटाच्या पेराएवढे.

"पापा, ये मम्मी का फेवरेट! हम दोनों बहुत खाया. फ्राइडे, हमारा किचन में. आप सोता था." मग तिनं आवाज खाली आणला. "मम्मी बोलती थी, पापा को नहीं बोलना."

मी हात जोडले आणि फोन ठेवला.

तीस वर्षांपासून माझ्या गळ्यात तुळशीची माळ. बांधकामाच्या परांचीवरून, दुसऱ्या मजल्याइतक्या उंचीवरून पडलो आणि वाचलो, म्हणून घातली. त्या दिवसापासून घरात मांस-मासळी बंद. मला राग आला, खोटं कशाला सांगू? माझ्या झोपेचा फायदा घेऊन ती शेजारणीच्या घरी झिंगे खात होती. त्याच रागात मी अकोल्याची बस धरली.

साळी तांदूळ निवडत होती. मी दारातूनच म्हटलं, "ती झिंगे खाये, हे तुले मालूम होतं?"

"मालूम म्हंजे? लहानपणापासून खाये. बाळापूरच्या बाजारातून बाबा आणत. चटणी झाली का ही चुलीपासून हलत नसे. लगन झाल्यावर बी माहेरी आली का पहिले झिंगे, मंग आईची विचारपूस. मीच करून ठेवत जाओ तिच्यासाठी."

"मले कोणी सांगितलं नाही."

"तुमी विचारलं का? तुमी पडले, वाचले, माळ घातली. चांगलं केलं. तुमी कामावर गेले का ज्या कढईत ती एकटीपुरते झिंगे करे, ती तिनं त्याच दिवशी घासून माळ्यावर टाकली. तिले कोणी विचारलं का, की बाई, तुयं काय?"

मी ओट्यावर बसलो. पाणी मागितलं. तिनं दिलं आणि तांदूळ निवडत राहिली. खडे बाजूला टाकत खाली पाहूनच म्हणाली, "ठेवसान का मंग पानावर?"

"पितराच्या पानावर झिंगे? लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले कुठं जेवाले बसोता? बसणार मी हावो. तुमचं तुमी पाहा. गिला वडा ठेवला तरी खाईन मी, माह्या घशाले काही होत नाही."

परतीच्या बसमध्ये राग कधी उतरला ते कळलं नाही. उतरल्यावर काहीच उरलं नाही आत. नुसता थकवा.

अमरावतीच्या बाजारात मला ओळखणारे पुष्कळ. म्हणून मी परतवाड्याला गेलो. सुक्या मासळीची दुकानं बाजाराच्या टोकाला असतात, तिथं पहिल्यांदाच उभा राहिलो. दुकानावरची बाई माझ्या गळ्याकडं पाहून म्हणाली, "महाराज, रस्ता चुकले का? फुलवाले तिकडं बसते."

"नाही चुकलो. पावशेर झिंगे दे."

"अगाई! कोणासाठी?"

"बायकोसाठी."

"मंग तिलेच पाठवाचं न. माणसाले काय समजते त्यातलं?"

"ती नाही येत आता," मी म्हटलं.

तिनं पावशेर तोललं. मग मूठभर झिंगे वरून टाकले. "डोकं-शेपूट मोडजा. पहिले कोरडेच भाजजा, मंग धुजा. लसूण भरपूर. कांदा लाल होऊ द्या." लहान पोराला सांगावं तसं तिनं मला दोनदा सांगितलं.

जीपमध्ये आम्ही दाटून बसलो होतो. समोरची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "कोणाच्या थैलीत काय मेलं व बाप्पा?" सगळे एकमेकांकडं पाहू लागले. माळकऱ्याकडं कोणी पाहिलं नाही. मी बाहेर पाहत राहिलो.

सणाच्या सकाळी पुरण, चिंचवणी सगळं शेजारच्या सूनबाईनं करून दिलं. झिंगे मी मागच्या अंगणात केले, तीन विटा मांडून. विटा मांडणं तेवढं मला येतं. तिची जुनी कढई माळ्यावर होती, पालथी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. स्टुलावर चढून ती उतरवली. कढई चुलीवर ठेवण्याआधी गळ्यातली माळ काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली. तीस वर्षांनी गळा मोकळा झाला, पण हलका नाही वाटला.

साळी आली. घागरीला हळद-कुंकू वाहिलं आणि पानावर बसली. मी वाढलं. चटणी वाढताना थोडी पुरणावर पडली. तिनं पानाकडं पाहिलं, मग माझ्या गळ्याकडं पाहिलं. पहिला घास चटणीचाच घेतला. डोळे पुसले, नाक पुसलं.

"कशी झाली?" मी विचारलं.

"करपवली. अन् मीठ नाही." दुसरा घास घेतला. "वाढा आणखी."

ती तिसऱ्या प्रहरच्या बसनं गेली. मी भांडी उचलली. कढईच्या बुडाला थोडं चिकटलेलं होतं, काळं पडलेलं. मी दाराकडं पाठ करून खाली बसलो आणि भाकरीच्या तुकड्यानं पुसून खाल्लं. तिखट होतं. वास डोक्यात गेला. मला ते आवडलं नाही, आवडणारही नाही. पण कढई चाटूनपुसून साफ केली.

तिच्या फोनवरून शेजारणीला रिकाम्या कढईचा फोटो पाठवला. लिहिता काही आलं नाही. माळ अजून खिळ्यालाच आहे. ज्या महाराजांच्या हातून ती घातली, त्यांच्याकडं जाऊन खरं सांगावं लागेल. जाईन. सध्या कंबर तेवढं चालू देत नाही.