जिवंत माणसासाठी चौघे

पडदा वर जातो. कुंभकोणमची एक गल्ली. उजवीकडे पितळी समया करणाऱ्यांचे कारखाने, कानशीचा आवाज अखंड. डावीकडे माझं घर, आणि माझ्या डोक्यावर, भाड्याच्या माडीत, लोखंडी खाटेवर सवरिमुत्तू. वय शहात्तर. खाट आणि गल्ली यांच्यामध्ये एक जिना: उभा, अरुंद, मधोमध वळलेला. खलनायकाचं काम त्याच्याकडे.

चाळीस वर्षं सवरिमुत्तूने आपल्या चर्चची घंटा वाजवली. बाप्तिस्म्याची, लग्नाची, मरणाची. मेलेला माणूस आवडता असला तर तो एक ठोका जास्त देई. फादरना ठाऊक होतं. ते मोजत नसत.

गेल्या वर्षी त्याचे पाय लुळे पडले. यंदा साखरेच्या आजाराने टाचेला जखम झाली. डॉक्टर माडीवर येऊन म्हणाले, "इस्पितळात आणा, नाहीतर आधी पाय जाईल, मग माणूस." अँब्युलन्सचे दोघे आले, पण वळणावर स्ट्रेचर अडकलं. चार धडधाकट माणसं जमवून बोलवा, असं सांगून ते गेले.

मी रंगभूमीवर बरेच राजे केले, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःची खुर्चीसुद्धा उचलत नाही. कारखान्यातली माणसं बोलावतो म्हटलं, तर हा ऐकेना.

"माझी माणसं आहेत, रायर," तो म्हणाला. आम्हा मराठी लोकांना इथे रायर म्हणतात. "त्यांच्या आईबापांसाठी घंटा वाजवलीय मी. येतील."

त्याची मुलगी सेलीन रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभी राहिली. मागणं एवढंच: चार माणसं, अर्धा तास. लोक कनवाळू होते. प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला. लूर्दुसामी तिथल्या अंत्यसेवा सभेचे, म्हणजे चर्चमधल्या मृतांना खांदा देणाऱ्या मंडळाचे, चिटणीस. त्यांनी लगेच आजाऱ्यांची यादी काढून सवरिमुत्तूचं नाव घालायला घेतलं. ते अकरा महिने तिथेच होतं. मग त्यांनी त्याखाली एक रेघ ओढली.

पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन विचारलं, "प्रार्थना चालू आहे हं, अम्मा. फरक आहे ना?"

"प्रार्थना पोचतेय, अण्णा. माणसं पोचत नाहीत."

तिसऱ्या रविवारी बापाला ताप भरला, म्हणून ती गेलीच नाही. त्या दिवशी मिस्सेत लूर्दुसामींनी नेहमीप्रमाणे दोन याद्या वाचल्या, आजाऱ्यांची आणि मृतांची. इतके महिने पहिल्या यादीत असलेला माणूस एव्हाना दुसरीत गेला असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी नाव दुसरीत वाचलं. कुणी शंका काढली नाही. काढायला कुणीतरी त्याला पाहिलेलं असायला हवं होतं.

दुपारी तीन वाजता सभा आली. फार शिस्तीची संस्था. बत्तीस माणसं, पांढरे अंगरखे, जांभळे पट्टे, मेणबत्त्या, आणि ढकलायची काळी गाडी, झेंडूने मढवलेली. मी एवढ्या नाटक कंपन्या पाहिल्या, पण असा प्रवेश पाहिला नाही. लूर्दुसामी मान खाली घालून जिना चढले. मी त्यांच्यामागे, कठड्याला धरून.

सवरिमुत्तू तांदळाची कांजी पीत होता.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

लूर्दुसामींनी हातातल्या हाराकडे पाहिलं. "तुम्ही."

"केव्हा?"

"सकाळी मिस्सेत वाचलं."

"कुणी?"

"मीच."

"तरीच घंटा झाली. मी म्हटलं, कोण बिचारा."

लूर्दुसामींनी क्रुसाची खूण केली. "देवाची कृपा, तुम्ही आहात. आम्ही निघतो."

जिन्याच्या तोंडाशी सेलीन उभी होती, दोन्ही भिंतींना हात लावून.

"अण्णा, तुम्ही कशाला आला होतात?"

"यांना... खाली न्यायला."

"मग न्या."

लूर्दुसामींनी हार खाटेच्या दांडीला अडकवला आणि खाली हाक मारली. खालून तिघे वर आले. ही वाईट माणसं नव्हती, आणि अडाणी तर नव्हतीच. गावातल्या प्रत्येक जिन्यावरून त्यांनी शवपेट्या उतरवल्या होत्या. वळणावर कुणी वाकायचं, कुठे तिरकं करायचं, हे न बोलता ठरलं. पाच मिनिटांत सवरिमुत्तू खाली आला. अँब्युलन्सला वेळ होता, म्हणून त्याला त्या काळ्या गाडीतच ठेवून इस्पितळाकडे ढकललं. वाटेत दुकानदारांनी उठून हात जोडले. सवरिमुत्तूनेही पडल्यापडल्या सगळ्यांना नमस्कार केला. त्यांतले दोघे घाईने दुकानात शिरले.

पाय गुडघ्यापासून गेला. माणूस आणखी एकोणीस दिवस राहिला, आणि ते चौघे रोज आले. बहुधा आता वाट ठाऊक झाली म्हणून. शेवटच्या दिवशी मी इस्पितळात त्याच्या उशाशी बसलो होतो. चौघे त्याची कूस बदलायला वाकले, तेव्हा त्याने लूर्दुसामींचं मनगट धरलं.

"मला नंतर. तो पलीकडच्या खाटेवरचा सकाळपासून हाका मारतोय, त्याला आधी बघा."