वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालताना

गेल्या वर्षी किन्हीराजाजवळच्या आमच्या गावी सप्ताह बसला, तेव्हा माझी श्रद्धा आतून डळमळली होती. गुप्तांगावर एक गाठ फुलकोबीसारखी वाढत होती. तिला वास येई, कधी रक्तही. देवाने शिक्षाच दिली असे मानून मी तिला अंगारा लावीत राहिलो आणि पत्नीपासूनही ती लपवली.

सप्ताहात वीणा अखंड कोणाच्या तरी गळ्यात असावी लागते. ती खाली टेकवत नाहीत. दुपारचा पहारा माझा होता. मंडळी पंगतीला गेलेली, आणि उभ्या उभ्या धोतर रक्ताने ओले झाले. हाक मारण्याचीही लाज वाटली. ‘देवा, मला झाक,’ एवढेच मी म्हणालो.

तेवढ्यात आमच्या गावी दिलेल्या आपल्या लेकीकडे पाहुणे आलेले एक अनोळखी गृहस्थ हात धुऊन मंडपात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आपले उपरणे माझ्या कमरेला गुंडाळले आणि वीणा गळ्यात घेतली. वीणा घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडावे, ही रीत. मी विटाळलो म्हणून मागे सरलो. त्यांनी वाकून पाय धरलेच.

“गाठ हाय का, भाऊ?” त्यांनी हळूच विचारले. मी मान हलवली.

“मले बी झाली होती. लाजंपायी उशीर केला, मंग जास्त कापा लागलं. देवापुढं उभा राह्यतं, डॉक्टरपुढं काहून लाजतं?”

संध्याकाळी मी पत्नीला सारे सांगितले.

“एवढं दुखनं अन् मले पत्ता नाही? मी काय भाड्यानं राहून राह्यली तुमच्या घरात?” ती कडाडली, आणि रडत रडत दवाखान्यात नेण्यासाठी माझे कपडे पिशवीत भरू लागली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितले, ही एका विषाणूमुळे होणारी दुर्मीळ गाठ. सावकाश वाढते, पण खोल शिरते. सुदैवाने तिचा कॅन्सर झाला नव्हता. शस्त्रक्रियेने ती निघाली. त्या विषाणूचा धोका पत्नीलाही होता, म्हणून तिचीही तपासणी झाली. तिच्यात काही दोष नाही हे कळले, तेव्हा मात्र मला रडू आवरले नाही.

ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. देवाने त्यांना धाडले की लेकीच्या ओढीने ते आले, हे मी ठरवीत नाही. हात तेवढे जोडतो. शरण जाणे म्हणजे काहीही झाकून न ठेवणे, इतके मला उमगले.

आता फेरतपासणीला आम्ही दोघे जातो. बाकावर शेजारी बसून ती विचारते, “भेव लागते काय?”

“लागते,” मी म्हणतो. पूर्वी हे मला देवापुढेही म्हणता येत नसे.